वर कोण, खाली कोण?

सरळच सांगतो. मी दोन पुरुषांच्या प्रेमाच्या सिरीयली बघतो. थायलंडच्या, जपानच्या. मोबाईलवर बघतो. गोदीत रात्रपाळी असली आणि क्रेन अडली, ट्रक आला नाही, की पोत्याला टेकून बघतो. खाली इंग्रजी अक्षरं पळत असतात. आपण मॅट्रिक. एक ओळ वाचून होईस्तोवर दुसरी येते. मग थांबवायचं, मागं घ्यायचं, पुन्हा वाचायचं. पाऊण तासाचा भाग मला दीड तास पुरतो.

हे मी आपल्या बैठकीत बोलून गेलो. आधी सगळे गप्प. मग एकजण हसला. मग सगळेच हसले. एक म्हणाला, 'काय रे कवी, तू पण त्यातलाच का?' दुसरा म्हणाला, 'इथं अत्याचाराच्या केसेस कोर्टात सडतायत, मोर्चा काढायचाय, आणि हा बायल्यांचं प्रेम बघत बसलाय.'

हा लेख त्या हसण्याला उत्तर आहे.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. विचारणाऱ्याला उत्तर नकोच होतं, त्याला टाळी पाहिजे होती. ती मिळाली. आणि 'मी त्यातला नाही बरं का' अशी आधी शपथ घ्यायची आणि मग त्यांची बाजू मांडायची, हा सवर्ण सुधारकांचा जुना धंदा. 'माझ्या घरी महार पंगतीला बसतो' म्हणून सांगत फिरणारे आपण पुष्कळ पाहिले. त्यांच्या ओळीत मला उभं राहायचं नाही.

मला ह्या सिरीयली एका दोस्तानं दाखवल्या. नाव लिहीत नाही. त्याच्या हातच्या खळीनं आपली पोस्टरं भिंतीला चिकटलीत एवढं सांगतो. घोषणा द्यायला त्याच्यासारखा गळा नव्हता. हळूहळू तो बैठकीला यायचा बंद झाला. आपण म्हणालो, नोकरी लागली, शेफारला. नोकरी वगैरे काही नाही. बैठकीनंतर चहावर आपण जे विनोद करतो ते तो मुकाट ऐकायचा. एक दिवस ऐकेनासा झाला. एवढंच.

आता सिरीयलींकडे येतो. कारण त्या चांगल्याच आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यातल्या पुष्कळ भिकार आहेत.

हा प्रकार मूळचा जपानचा. १९७० च्या दशकात तिथं मोटो हागिओ, केइको ताकेमिया अशा बायकांनी पोरापोरांच्या प्रेमाच्या चित्रकथा काढल्या. काढणाऱ्या बायका, वाचणाऱ्याही पोरीच. कारण उघड आहे. प्रेमकथा तर हवी, पण त्यातली वाट बघणारी, सोसणारी, शेवटी चुलीला जुंपलेली बाई व्हायला नको. दोन्ही पुरुष घेतले की निदान कागदावर तरी सुटका. तिथून हे वारं तैवान, कोरिया, थायलंडमध्ये गेलं. थायलंडमध्ये ह्याला 'वाय' सिरीज म्हणतात. जपानी 'याओई' शब्दातला हा वाय. २०१४ साली 'लव्ह सिक', २०१६ साली 'सोटस', २०२० साली 'टुगेदर'. ही शेवटची तर टाळेबंदीत घरात कोंडलेल्या पोरापोरींनी देशोदेशी पाहिली. मग कंपन्यांना पैशाचा वास लागला. नटांच्या जोड्या लावल्या जातात. पडद्याबाहेरसुद्धा त्यांनी जोडीनंच मिरवायचं, स्टेजवर हात धरायचे, जाहिराती करायच्या. प्रेम हा माल झाला की त्याला वेष्टण लागतं. ते वेष्टण गोरं असतं, गुळगुळीत असतं, त्याला घाम येत नाही.

पहिली तक्रार. 'सोटस' घ्या. इंजिनियरिंगचं कॉलेज. सीनियर पोरं नव्या पोरांना रांगेत उभं करून ओरडतात, उठाबशा काढायला लावतात. सीनियरचं ऐकायचं, का म्हणून विचारायचं नाही. सोटस ह्या नावातच ज्येष्ठता, आज्ञा, परंपरा हे शब्द कोंबलेत. कोंगपोब नावाचा नवा पोरगा ह्या जुलमाला तोंडावर उलट बोलतो. आपल्याला वाटतं, शाबास! आणि पुढच्याच दमात तो सीनियर आर्थितला सगळ्यांसमोर सांगतो की मी तुला माझी बायको करीन.

बायको करीन! म्हणजे अपमान करायचा तर बायको करायचं. मी तिथंच मोबाईल बंद केला. दोन पुरुष, बाई औषधालाही नाही, तरी बाईला खाली ठेवल्याशिवाय ह्यांचं प्रेम सुरू होत नाही. पुढं पुष्कळ सिरीयलींत हेच. ह्यातला नवरा कोण, बायको कोण? जपानी चित्रकथांत तर त्याला धड शब्दच आहेत: 'सेमे' म्हणजे चाल करून जाणारा, 'उके' म्हणजे घेणारा. एक उंच, दुसरा बुटका. एक धरणारा, दुसरा 'नको नको' म्हणणारा. आणि नको म्हणणाऱ्याचं नको कुणी मोजत नाही.

वर कोण आणि खाली कोण. दोस्तांनो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा नाही? ह्याच प्रश्नावर हा देश उभा आहे. दोन माणसं समोरासमोर आली की आधी हे ठरवायचं. आडनाव विचारायचं, गाव विचारायचं, गावात घर कुठल्या बाजूला ते विचारायचं. ठरलं की मगच हसायचं, चहा द्यायचा, कुठल्या कपात द्यायचा ते बघायचं. मला वाटलं होतं, दोन पुरुष एकमेकांवर प्रेम करतात म्हणजे ही उतरंड फुटली. नाही फुटली. मडकी नवी, उतरंड जुनीच.

दुसरी तक्रार. 'टुगेदर'मध्ये टाइन नावाचा देखणा पोरगा. त्याच्या मागं ग्रीन नावाचा एक पोरगा लागतो. लचकत चालणारा, लाडिक बोलणारा. त्याला टाळायला टाइन सारावत नावाच्या दुसऱ्या देखण्या पोराला माझा यार असल्याचं नाटक कर म्हणतो, आणि नाटकाचं खरं होतं. ठीक. पण तो ग्रीन? त्याला हसायचं. तो आला की गमतीचं संगीत वाजतं. म्हणजे दोन मर्दानी पोरांनी प्रेम केलं तर ते प्रेम, आणि बाईसारख्या चालणाऱ्या पोरानं केलं तर तो विनोद. आपल्या बैठकीतलं हसणं आणि हे हसणं एकाच गळ्यातून येतं.

तिसरी तक्रार ही माझी, हमालाची. ह्या सिरीयलींत काम कोण करतं? इंजिनियरिंगची पोरं वर्कशॉपचे सदरे घालून फिरतात, नखात ग्रीस कधी दिसत नाही. 'किन-पोर्श'मध्ये, ही २०२२ ची, माफियाच्या पोराचं प्रेम बसतं त्याच्याच अंगरक्षकावर. हा अंगरक्षक गरीब, डोक्यावर कर्ज, राहतं घर जाण्याची पाळी. म्हणून त्यानं ही नोकरी धरली. आता मला सांगा, पगार देणारा जवळ ओढतो तेव्हा पगार घेणाऱ्यानं दिलेला होकार किती खरा? आमच्या बायाबापड्यांनी पाटलाच्या वाड्यावर असले होकार पिढ्यानपिढ्या दिलेत. सिरीयल ह्या प्रश्नावर गाणं लावते आणि पुढं जाते. 'अ टेल ऑफ थाउजंड स्टार्स'मध्ये शहरातला श्रीमंत पोरगा डोंगरातल्या खेड्यात मास्तर म्हणून जातो आणि जंगलखात्याच्या अधिकाऱ्याच्या प्रेमात पडतो. डोंगर सुंदर, चांदण्या सुंदर. डोंगरातली माणसं मात्र पोस्टरवरच्या झाडांसारखी मागं उभी. त्यांच्यात कुणाला कुणावर प्रेम बसलं की नाही, ते समजत नाही.

एवढ्या शिव्या घालून मी बघतो कशाला मग?

'मूनलाइट चिकन'साठी बघतो. २०२३ साली आलेली, आठच भाग. पटाया शहरात जिम नावाचा माणूस रात्री कोंबडीभाताचं हॉटेल चालवतो. तरुण नाही, देणेकरी मागं लागलेत, जुन्या माणसाची जखम आहे. त्याच्याकडं वेन नावाचा पोरगा येतो. ह्या सिरीयलीत कोंबडी कापताना दिसते. भांडी घासताना दिसतात. रात्र संपताना पाय ओढत चालणारी माणसं दिसतात. जिमचा भाचा एका बहिऱ्या पोराच्या प्रेमात पडतो आणि त्याच्याशी बोलता यावं म्हणून हातांची भाषा शिकतो. त्या बहिऱ्या पोराच्या घरी पैसा आहे, पण कुणी त्याची भाषा शिकलेलं नाही. मी तो भाग दोनदा पाहिला. ज्याच्यावर प्रेम करायचं त्याची भाषा शिकायची, एवढी साधी गोष्ट. आपल्याला प्रगतीचे धडे देणाऱ्यांनी आजवर आपली भाषा शिकून घेतली का? उलट आपणच त्यांची शिकलो, आणि तीही अशुद्ध म्हणून त्यांनी ठोकली.

जपानच्या 'व्हॉट डिड यू ईट यस्टर्डे'साठी बघतो. २०१९ ची. एक वकील आणि एक केस कापणारा, दोघं मध्यमवयाचे, एका घरात राहतात. वकील कचेरीतून सुटला की बाजारात स्वस्त काय मिळतं ते शोधतो, महिन्याच्या खर्चाचा हिशेब ठेवतो, घरी येऊन रांधतो. दोघं बसून जेवतात. झालं. भागात बाकी फार काही घडत नाही. पण दोन पुरुष एकमेकांना वाढतायत आणि त्यात वर-खाली कुणी नाही, हे मी त्याआधी कुठल्याच पडद्यावर बघितलं नव्हतं.

आणि 'बॅड बडी'साठी बघतो. २०२१ ची. शेजारशेजारची दोन घरं, धंद्यातलं हाडवैर. पोरांनी लहानपणापासून एकमेकांना हरवायचं, हाच संस्कार. त्याच दोघांचं जमतं. आईबाप खवळतात. शेवटी पोरं घरी सांगतात की आमचं तुटलं, आणि पाठीमागं चालू ठेवतात. सिरीयल संपते तेव्हा दोघं जिवंत असतात.

जिवंत असतात, हे मी मुद्दाम लिहितोय. आपल्या पडद्यावर काय होतं? २०१६ चा 'सैराट' आठवा. शेवटी ते लेकरू रक्ताची पावलं उठवत बाहेर येतं. ते खोटं नव्हतं. २०१४ साली नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात आपलं सतरा वर्षांचं पोर वरच्या जातीच्या पोरीशी बोलतं ह्या संशयावरून मारलं. २०१७ साली आरोपी कोर्टातून सुटले. म्हणून आपल्या लेखणीला सवय लागलीय, प्रेम लिहिलं की पुढं प्रेत लिहायचं. मीही तसंच लिहितो. पण बॅड बडी बघताना पहिल्यांदा वाटलं की प्रेम करून जगणं हीसुद्धा एक मागणी असू शकते. मोर्च्यात तिचा फलक असू शकतो.

आता दुसऱ्या दोस्ताचा सवाल. आधी अत्याचार, जमीन, नोकरी, की हे बायल्यांचं प्रेम?

हे 'आधी' कुठून शिकलास भाऊ? आधी स्वराज्य, मग अस्पृश्यता, असं आपल्याला कोण सांगत होतं? आधी वर्ग, मग जात, असं कोण सांगत होतं? ह्या 'आधी'नं आपल्या तीन पिढ्यांना रांगेत सगळ्यात मागं उभं केलं. आज आपल्याच हातात रांग आली तर आपण कुणाला तरी मागं ढकलायला निघालो!

आणि बाबासाहेबांचं नाव घेतोस तर त्यांनी काय केलं तेही बघ. १९१६ साली कोलंबियात वाचलेल्या निबंधात त्यांनी सांगितलं की जातीचा प्राण जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. आणि ते टिकवायला सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह हे सगळं उभं राहिलं. म्हणजे जात कुणाच्या अंथरुणात कोण, ह्यावर पहारा ठेवूनच जगते. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी आंतरजातीय लग्नं हा उपाय सांगितला आणि शास्त्रांवरची श्रद्धा उडवा म्हणाले. आणि १९३४ साली रघुनाथ कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला चालला तेव्हा त्यांचे वकील कोण होते? बाबासाहेब. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना कर्वे मासिकात उत्तरं देत, हा गुन्हा. चवदार तळ्याचा सत्याग्रह झालेला, पुणे करार झालेला, येवल्याची घोषणा पुढच्या वर्षावर. ह्या सगळ्या धकाधकीत ते ह्या खटल्याला उभे राहिले. खटला हरले. पण 'आधी मोर्चा' म्हणून त्यांनी वकीलपत्र नाकारलं नाही.

पहारा एकच आहे, हे नीट समजून घ्या. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस कचेरीत लागते. आपला पोरगा आणि वरच्या जातीची पोरगी, हिंदू आणि मुसलमान, ह्यांची नावं त्या फळ्यावर महिनाभर लटकतात. कुणीही वाचावं, भावाला कळवावं, काठ्या घेऊन यावं. २०१८ साली ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमातून राजीखुशीचं प्रेम बाहेर काढलं. पुढं समलिंगी जोडपी लग्नाचा हक्क मागायला गेली तेव्हा त्यांनी ह्याच विशेष विवाह कायद्याचं दार ठोठावलं. त्या नोटिशीविरुद्धही तक्रार मांडली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी कोर्टानं हात वर केले, संसदेकडं बोट दाखवलं. म्हणजे त्या फळ्यापुढं ते आणि आपण शेजारी शेजारी उभे होतो, आणि एकमेकांकडं बघायलाही तयार नव्हतो. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून हा कायदा लागू झाला. तो सिरीयलींनी दिला असं मी म्हणत नाही. रस्त्यावर उतरणाऱ्यांनी वर्षानुवर्षं झगडून मिळवला. पण सिरीयलींनी घराघरात ते तोंड ओळखीचं केलं, हे खोटं नाही.

त्यांच्यातही जात आहे, हे मला माहीत आहे. २०१५ साली मुंबईच्या एका इंग्रजी पेपरात एका आईनं मुलासाठी नवरा पाहिजे अशी जाहिरात दिली. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास प्राधान्य! नंतर ती थट्टा होती असं सांगितलं गेलं. असेल. पण थट्टेतसुद्धा पहिली आठवली ती जात. म्हणून त्यांच्या झेंड्याखाली डोळे मिटून जा असं मी सांगत नाही. डोळे उघडे ठेवूनच जा. पण जा.

आणि आपल्या मराठीचं काय? सचिन कुंडलकरांचं 'कोबाल्ट ब्लू' २००६ सालचं. घर पुण्याचं, जोश्यांचं. २०२१ साली नीरज घायवानच्या 'गीली पुच्ची'नं कारखान्यातली दलित बाई आणि ब्राह्मण बाई ह्यांच्यातलं प्रेम दाखवलं आणि शेवटी चहाच्या भांड्यात जात दाखवली. त्यात दोघी बायका होत्या. २०२५ साली रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' आला. सनडान्सला मोठं पारितोषिक घेऊन आला. बाप मेला म्हणून मुंबईहून गावी गेलेला आनंद, तिथला शेतकरी बाळ्या, दहा दिवसांचं सुतक. आईबाप पोराला ओळखून आहेत, गाव लग्नाचा घोषा लावतंय. कुणी आदळआपट करत नाही. मला त्यात माझ्या आईची बोलण्याची पद्धत ऐकू आली. थायलंडची चांदणी रात्र बघून दमलेल्या डोळ्यांना आपली माती दिसली. पण एका सिनेमानं पोट भरत नाही. झोपडपट्टीतले दोघं, गोदीतले दोघं, कचऱ्याच्या गाडीवरचे दोघं, वसतिगृहातले दोघं, हे कोण लिहिणार? ते लिहिणारा आपल्या बैठकीला यायचा. आपण त्याला हसून हाकललं.

शेवटचं. आपण मंत्र्याला बांगड्यांचा आहेर देतो. पोलीस केस घेत नाहीत तर त्यांना हिजडे म्हणतो. गप्प बसणाऱ्याला षंढ म्हणतो. का? अन्याय करणारा मर्दच असतो. खर्ड्याला मारायला आलेले मर्दच होते. बांगड्या भरलेल्या हातांनी आपल्याला कधी जाळलं? त्याच हातांनी आपल्याला भाकर घातली. शिवी द्यायची तर जुलमाला द्या, बाईच्या आणि हिजड्याच्या नावानं कशाला?

माझीही एक कविता आहे. तुम्ही ती टाळ्या वाजवून ऐकलीत. तिच्यात 'षंढ' हा शब्द चार वेळा आहे. ती कविता मी इथून पुढं वाचणार नाही. शब्द बदलून वाचीन असंही नाही, कारण तो काढला तर तिच्यात काही उरत नाही. म्हणजे ती कविता नव्हतीच, नुसती मर्दानगी होती.

पुढच्या बैठकीला मी त्या दोस्ताला घेऊन येणार आहे. आला तर. कालच फोन केला होता. म्हणाला, 'बघू.' आला तर त्याच्याशी गोड बोलायची गरज नाही, माफी मागायची तर मुळीच नाटकं नकोत. पोस्टरं पडलीत, खळ करायला माणूस पाहिजे. एवढंच सांगा. आणि चहावर तो विनोद करू नका.

जय भीम.